तिसरी पाळी

सातेरी घाडी म्हणाला, बोट करू नको.
नजरेनं बघ. किंजळीच्या दुसऱ्या बेळक्यात.
मला आधी शेपटी दिसली,
तीही वेल समजून मी सोडून दिलेली.
मग फांदीनं श्वास घेतला.

चारी पाय खाली सोडलेले,
वाळत घातलेल्या ओल्या गोणपाटासारखे.
हनुवटी सालीवर दाबलेली.
पोट इतकं गच्च
की फांदीच्या दोन्ही अंगांनी थोडंथोडं सांडलेलं.

जांबोटीच्या पलीकडं, नाल्याच्या ह्या काठावर
जांभ्याचा एक कातळ आहे, तो आमचं ऑफिस.
नोंदवहीत दर पाव तासाला लिहायचं,
रकान्याचं नाव ‘चटुवटिके’, म्हणजे हालचाल.
सव्वादहा : मलगिदे.
साडेदहा : मलगिदे.
कानडीत हा एकच शब्द पुरतो
पडलाय त्यालाही, झोपलाय त्यालाही.
साहेबांना तेवढं बस्स.
पण माझ्या डोळ्यांदेखत तो
आधी टेकला, मग लवंडला, मग पेंगला,
बाराच्या सुमाराला कुठं त्याचा डोळा लागला,
आणि तेवढ्यात सातभाईंनी कालवा केला तर
एक कान वळला.
उरलेला सगळा बिबट्या निजूनच राहिला.

खाली पाच बायका काजू वेचालत्या.
बोंडांचा आंबूस वास वर येत होता.
मी सकाळीच त्यांना फॉर्म भरायला बसवलेलं :
प्रश्न चौथा, आपणांस भीती वाटते काय?
सटुबाईनं बी पिळून काढली, बोंड फेकलं.
म्हणाली, सकाळ आमची, दुपार त्येची.
रातभर राबून आलंय ते. निजू दे की.
तिच्या नातवाच्या हातात बियांचा डबा खुळखुळला
तशी तिनं त्यावर तळहात ठेवला,
वर न बघता.

हा तळहात मी ओळखतो.

आमचे बाबा उद्यमबागेत, फाउंड्रीत,
रात्री साडेअकरा ते सकाळी साडेसात.
दिवसा खिडकीला जाड चादर
आणि आई कुकरपाशी उभी,
शिट्टी होण्याआधीच चमच्यानं वाफ सोडणारी.
स्वयंपाकघरातली तिसरी फरशी हलायची.
आम्ही भावंडं ती चुकवून चालायचो,
अजून चुकवतो, घर विकलं तरी.
बाबा कॉटवर पालथे,
एक हात खाली लोंबता,
कोपरापासून मनगटापर्यंत
ठिणग्यांनी पाडलेले काळे ठिपके.
मी ते मोजायचो. अठ्ठावीसच्या पुढं कधी गेलो नाही,
कारण तेवढ्यात त्यांचा कान हलायचा
आणि डोळे मिटलेलेच म्हणायचे, गणित केलंस काय रे?

पावणेतीन. कूस बदलली.
म्हणजे फांदी तीच, फक्त डोकं होतं तिथं शेपटी.
चाळीस फुटांवर, झोपेत, हे कसं जमतं?
सातेरीला विचारलं
तर तोच उताणा घोरालता उन्हात,
डोक्याखाली चप्पल,
मानेत कसला म्हणून ताठा नाही.
मला मात्र बदली झाल्यापासून
रात्री दोनला जाग येते ती येतेच.
खोलीवर मऊ गादी आहे, पंखा आहे.

चारला टोपल्या उठल्या.
बायका गेल्या त्या बोलत गेल्या, मोठ्यानं,
झाडाच्या सावलीबाहेर पडल्यावर.

पाचला दहा कमी.
आधी जांभई, अशी की आतला गुलाबी पडदा
मागच्या भिंतीपर्यंत दिसला.
मग पुढचे पंजे लांब, पाठीची कमान,
फांदीला दोन ओरखडे, सवयीचे.
कणकुंबीची बस दूर वळणावर हॉर्न देत होती,
आणि तो खोडावरून डोकं खाली करून
पाण्यासारखा उतरला.

जांभईला कानडीत काय म्हणतात, आठवेना.
सातेरी अजून घोरत होता.
रकान्यात जागा इवलीशी,
साहेब खोडतील हे ठाऊक असून
मी मराठीतच लिहिलं :
उठला. आळोखेपिळोखे दिले.
डबा न घेता निघाला.